विवश अवतरण

एका आईला तिचा मुलगा सुखरूप आहे हे सांगायला मी इतका वेळ लावला, की तोवर तिनं मनातल्या मनात त्याला माती देऊन टाकली होती. मूर्खपणा सगळा माझा. इतकी वर्षं झाली, तरी आठवलं की थकायला होतं.

सत्तरच्या आसपास आम्ही शिवाजी पेठेत राहत होतो. घरचं आवरून दुपारी मी एका कोशासाठी विमानांच्या इंग्रजी शब्दांना मराठी शब्द लावत बसे. विमान जवळून कधी पाहिलेलं नव्हतं, पण तोरा असा, की जणू सगळी विमानं मला विचारूनच उडतायत. 'लँडिंग'ला मी 'अवतरण' दिलं होतं. त्याची पिल्लावळ मात्र सरेना. क्रॅश लँडिंग, बेली लँडिंग, फोर्स्ड लँडिंग! शेजारचा पिंजारी कापूस पिंजायचा, तसं त्यांनी माझं डोकं पिंजलं होतं.

त्या पिंजाऱ्याची बायको, आमची चाची, एका दुपारी तार घेऊन दारात आली. तिचा थोरला हवाई दलात मेकॅनिक होता.

"बाई, इंग्रजी हाय. वाचा की." तार म्हणजे मरणाचीच, असा तो काळ.

तार मुलानंच केली होती. फोर्स्ड लँडिंग झालं, सगळे सुखरूप. मला दिसलं ते फक्त माझं अडलेलं लँडिंग. "अगं बाई, हेच तर!" म्हणत मी आत पळाले आणि कोशाच्या शब्दांच्या चिठ्ठ्यांचा डबा उपसायला लागले.

"बाई, काय लिवलंय?"

"थांबा चाची, नेमका शब्द बघते!"

'सक्तीचं' की 'विवश'? विवश भारदस्त वाटलं. बाहेर येऊन ऐटीत सांगितलं, "तुमच्या मुलाच्या विमानाचं विवश अवतरण झालंय."

चाची उंबऱ्यावर बसली. रडलीसुद्धा नाही. "माती तिकडंच देत्यात, का हिकडं आणत्यात?"

"अहो, बरा आहे तो! विमान मध्येच उतरवावं लागलं, एवढंच!"

विवश अवतरण पुढं कोशात छापलं गेलं. कुणी वापरलेलं मी ऐकलं नाही.

महिन्याभरानं मुलगा रजेवर आला. चाचीनं त्याला दंडाला धरून माझ्या दारात उभं केलं.

"ह्यो बघा. काय शब्द इचारायचं ती ह्याला इचारा. पर बाई, फुडच्या बारीला तार आली की आदी सांगा, पोरगं जित्तं हाय का न्हाय. मग बसा डबा धुंडत."