भिमाजींचा हातगुण

द्वारका चौकाजवळच्या गाळ्यात भिमाजी गांगुर्डे गेली कित्येक वर्षं कॉम्प्युटर विकत होते. मशीन जोडून झालं की कॅबिनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढायचं, नारळ फोडायचा आणि गिऱ्हाईकासमोर स्वतः बटण दाबायचं, ही त्यांची पद्धत. "भिमाशेठनी चालू केलेलं मशीन बंद पडत नाय," असं सिन्नरपर्यंत बोललं जायचं. खरं कारण साधं होतं. पॉवर सप्लाय ते कधी हलका टाकत नसत.

मग कंपन्या थेट घरपोच विकू लागल्या. भिमाजींना ज्या भावात माल मिळे, त्याहून कमी भावात तो गिऱ्हाईकाला मिळू लागला. लोक दुकानात येत, लॅपटॉपचा कीबोर्ड दाबून बघत, "घरी विचारून सांगतो" म्हणत आणि पायरी उतरता उतरता मोबाइलवर ऑर्डर टाकत.

यंदा गाळामालकाने विचारलं, ठेवताय की सोडताय? शेजारी मोबाइलची कव्हरं विकणाऱ्या ललितला गाळा हवा होता. भिमाजींनी दसऱ्यापर्यंत मुदत मागून घेतली, कारण कारभारी सानपांचा फोन आला होता. त्यांच्या सिन्नरच्या कारखान्यातला प्रत्येक कॉम्प्युटर भिमाजींनीच दिलेला.

"नवं ऑफिस टाकलंय. चार मशीनं बसवायचीत. दसऱ्याला येतो, तुमच्याच हातानं चालू करायची."

"ऑर्डर आली," भिमाजींनी बायकोला सांगितलं.

"भाव विचारला का त्यांनी?" लताबाई म्हणाल्या.

"कारभारीभाऊंनी भाव कधी विचारलाय?"

भिमाजींनी ठोकवाल्याकडून उधारीवर सुटे भाग आणले, चार मशीनं जोडली. दसऱ्याच्या सकाळी दुकानाच्या पूजेतच त्यांना कुंकू लावलं, झेंडूचे हार घातले.

जीप आली. कारभारींनी मागचं दार उघडलं. आत कंपनीची सीलबंद खोकी होती.

"पोरानं ऑनलाइन मागवली. लय स्वस्त पडली," कारभारी मोकळेपणाने म्हणाले. "म्हटलं, घे बाबा कुठूनबी, पण चालू भिमाशेठच करणार." मग त्यांचं लक्ष टेबलाकडे गेलं. "ही हार घातलेली कुणाची?"

भिमाजींनी एक हार सारखा केला. "एका शाळेची."

"बघा! तुमचा धंदा काय मरत नाय."

"लग्न तिकडं लावलंत भाऊ, आणि वरात तेवढी आमच्या दारात?" लताबाई आतून म्हणाल्या. कारभारी खो खो हसले.

भिमाजींनी एकेक खोकं उघडलं, स्वस्तिक काढलं, बटण दाबलं. कारभारींनी आपट्याचं पान हातात देऊन त्यांना मिठी मारली आणि निघताना नारळावर एक नोट ठेवली, भटजीपुढे ठेवतात तशी.

जीप गेल्यावर लताबाईंनी विचारलं, "कुठली शाळा हो?"

भिमाजींनी टेबलावरच्या मशीनांचे हार उतरवले आणि ओला फडका घेतला. कुंकू लागलेला माल ठोकवाला परत घेत नाही. कुंकू कॅबिनेटच्या बारीक जाळीत शिरलं होतं. जुन्या ब्रशने घासलं तरी निघेना.

घासता घासताच त्यांनी हाक मारली, "ललित, मालकाला सांग, गाळा सोडतोय."

ललित धावत आला. त्याला आनंद लपवता येईना. "खरंच काका? मग दिवाळीत दुकानाचा नारळ तुम्हीच फोडायचा हं. तुमच्या हाताला गुण आहे."

"बरं," भिमाजी म्हणाले आणि दुसरं मशीन पुढे ओढलं.