‘कळवतो’चा अर्थ

समोरच्यानं बोललेला शब्द खरा मानणारं माणूस जालना जिल्ह्यात एकच होऊन गेलं, आणि ते आमच्या माडीवर भाड्यानं राहत होतं. होऊन गेलं म्हणजे वारलं नाही. हॉलंडला परत गेलं. भाजीपाल्याच्या बियाण्यांवर काम करायला इथल्या एका कंपनीनं त्या बाईंना बोलावून घेतलं होतं. वय पन्नाशीचं, उंची आमच्या दाराच्या चौकटीहून दोन बोटं जास्त, आणि नाव असं की उच्चारताना घशात काहीतरी अडकल्यासारखं वाटायचं. म्हणून घरात सगळे तिला ‘वरची’ म्हणत.

आल्या आल्या तिनं भाषेची शाळा कुठे आहे म्हणून चौकशी केली. इंग्रजी फाडफाड बोलायला शिकवणारे क्लास आमच्याकडे गल्लोगल्ली आहेत, पण मराठीची शाळा काढायची कुणाला सुचणार? शेवटी माझ्या बायकोनं परस्पर माझं नाव सांगून टाकलं. मी भूगोल शिकवतो. मराठीशी माझा संबंध म्हणजे ती मला येते एवढाच, आणि तोही बायकोला पूर्णपणे मान्य नाही. तरी आमच्या हॉलमध्ये अंकलिपीच्या पुस्तकावर शाळा सुरू झाली. विद्यार्थिनी एक, मास्तर एक, आणि मास्तरांच्या चुका स्वयंपाकघरातून काढणारी एक. सकाळी ती माझ्याकडून पुस्तकी मराठी शिकायची आणि संध्याकाळी बाजारात भाजीवाल्यांकडून चालती. दोन्ही एकत्र होऊन ती एकदा आमच्या मुख्याध्यापकांना म्हणाली, ‘‘मी आपली अत्यंत आभारी होऊन राह्यले.’’

व्याकरणाचं सोडा, तिची खरी अडचण वेगळीच होती. शेजारच्या वकीलबाई रीतीप्रमाणे ‘या कधी घरी’ म्हणाल्या, तर हिनं जागेवरच विचारलं, कधी? आणि त्या ‘कधीही’ म्हणाल्या म्हणून त्याच दुपारी त्यांची झोप मोडून हजर झाली. ‘जेवूनच जा आता’ म्हटल्यावर जेवूनच गेली. उलट तिनं स्वतः केलेली धिरडी आणली तेव्हा बायको पहिल्यांदा ‘नको नको’ म्हणाली, तर हिनं ताट उचललं आणि वर गेली. बायको अजून त्या धिरड्यांची आठवण काढते. असं असल्यावर ओळखी होतात, मैत्री होत नाही. सहा-सात महिने बाई गच्चीवर एकटीच फेऱ्या मारायची.

मैत्री झाली ती माझ्या भाचीशी. भाची मंठ्याची, इथंच जालन्यात बँकेत आहे, तेव्हा आमच्याकडेच राहायची. ती वरचीच्या मराठीला तोंडावर हसायची आणि तिच्या बोलण्याची नक्कलही करायची. आमच्या तोंडच्या कौतुकापेक्षा वरचीला ते हसणं जास्त भरवशाचं वाटलं असावं. दोघी स्कूटीवरून फिरायला लागल्या. वरचीचे गुडघे हँडलच्याही वर यायचे.

त्याच सुमारास भोकरदनचं एक स्थळ भाचीला पाहून गेलं. याआधी तीन ठिकाणांहून नकार आले होते, म्हणजे कुणी ‘नाही’ म्हटलं नव्हतं, सगळे ‘कळवतो’ म्हणाले होते. हा मुलगा मात्र तिला आवडला. पोहे तिखट झालेत, असं त्यानं सगळ्यांसमोर सांगितलं होतं. ‘‘मामा, हा खरं बोलतो,’’ ती मला म्हणाली. निघताना मुलाची आई, पाहण्याच्या कार्यक्रमाला खाली येऊन बसलेल्या वरचीलाही ‘या आमच्याकडं’ म्हणाली, आणि वडील मला म्हणाले, कळवतो.

आम्ही समजलो. भाचीला मात्र या वेळी समजायचं नव्हतं. जेवताना फोन ताटाशेजारी असायचा. आठवडा गेला, दुसरा गेला. सकाळच्या तासाला वरचीनं विचारलं की कळवतो म्हणजे केव्हा? मी म्हणालो, या शब्दाला केव्हा नसतं, तो नकार असतो. मग ते खोटं बोलले का? मी म्हणालो, खोटं नाही हो, रीत आहे. तिनं ‘रीत’ वहीत लिहून घेतलं.

‘‘मंग तुम्ही लोकं खरं कोणत्या शब्दात ठेवता?’’

भूगोलात असला प्रश्न येत नाही. मी तास लवकर सोडला.

रविवारी दुपारी भोकरदनहून मुलाच्या वडिलांचा फोन आला. आवाज अगदी हळू. ‘‘सर, तुमच्या बाई आमच्याकडं येऊन बसल्यात. तुम्ही जल्दी येता का जरा?’’ भाचीनं ऐकलं आणि चपला घातल्या. नको म्हणायची माझी हिंमत झाली नाही. एसटीत ती वाटभर खिडकीबाहेर बघत होती आणि मी, वरचीनं तिथं काय काय वाक्यं रचली असतील, ती मनात तपासत होतो. सोयऱ्याधायऱ्यांत उद्या काय तोंड दाखवायचं, मंठ्याला बहिणीला काय सांगायचं.

वरची त्यांच्या बैठकीत प्लास्टिकच्या खुर्चीवर ताठ बसली होती. समोरच्या चहावर साय धरली होती. वडील जमिनीकडे बघत होते. मला पाहून म्हणाले, ‘‘सर, ह्या म्हणतात, तुम्ही कळवतो म्हणाले होते, ते घ्यायला आले.’’

कुणी हसलं नाही. मी माफी मागायला तोंड उघडलं, तेवढ्यात आतल्या दारातून मुलगा बाहेर आला. चेहरा पांढराफटक. बापाकडे न बघता म्हणाला, ‘‘माझं दुसरीकडं जमलेलं हाय. घरी सांगायची हिंमत झाली न्हाई.’’

वडील उठून उभे राहिले, पुन्हा बसले. मला वाटलं, आता इथं काहीतरी फुटणार. पण बोलली भाचीच, तीही शांतपणे.

‘‘पोहे तिखट झालेले तोंडावर सांगितले. अन् हे सांगता आलं न्हाई?’’

मुलानं मान खाली घातली. ‘‘चुकलं माझं.’’

‘‘बरं झालं, आज तरी कळालं,’’ असं म्हणून तिनं वरचीचा हात धरला आणि आम्ही निघालो. ‘चहा घेऊन जा’ असं कुणी म्हणालं नाही.

परतीच्या एसटीत त्या दोघी एका सीटवर, मी त्यांच्या मागे. गावाबाहेर पडेपर्यंत भाची ताठ होती. मग तिनं वरचीच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि रडायला लागली. वरची गोंधळली. एवढे काळ, एवढ्या विभक्त्या घोकल्या होत्या, पण हे वाक्य तिच्याकडे नव्हतं. मान वळवून तिनं मला हळूच विचारलं, ‘‘सर, अशा वेळी काय म्हणतात?’’

मी आठवून पाहिलं. ‘‘काही म्हणत नाहीत.’’

तिनं मान हलवली आणि तिचा भलाथोरला पंजा भाचीच्या पाठीवर ठेवला. राजूर मागे पडलं, अंधारून आलं, लांबून जालन्याचे दिवे दिसायला लागले, तरी पुढच्या सीटवरून शब्द आला नाही. मराठीचा इतका लांब तास आमच्या शाळेत त्यानंतर कधी झाला नाही.