काकांकडे बॅगा

आमच्या खारघरच्या कॉलेजात लायब्ररीला एक शिपाईकाका आहेत. पोरं कसलीही तक्रार घेऊन गेली की ते आधी नियम सांगतात, "जास्त बोलतो त्यानं लिवायचं, गप बसतो त्यानं बोलायचं." आज मी आमच्या घरातली पहिली पदवीधर आहे, पण कॉलेजात असताना माझी ख्याती तोंडाळ म्हणूनच होती. त्यामुळे अर्ज कायम मीच लिहायचे.

संध्याकाळची बस कॉलेजपुढे थांबत नव्हती. जासई गावची आमची एक अबोल मैत्रीण अंधारात पुढच्या थांब्यापर्यंत चालायची, म्हणून तिचे बाबा कॉलेज सोड म्हणत होते. मी लिहिलेला अर्ज घेऊन आम्ही सहाजणी बस डेपोत गेलो. काका सोबत आले, पण दाराशीच थांबले.

"मी आत आलो तर सायब माज्याशीच बोलंल. बॅगा द्या इकडं."

आत ती मैत्रीण बोलली. अडखळली, पण सगळं बोलली. माझी जीभ नुसती वळवळत होती. साहेबांनी अर्ज वाचला आणि सोमवारपासून बस थांबेल म्हणाले.

बाहेर काका सहा बॅगा गळ्यात अडकवून उभे.

"कोन बोललं?"

मी तिच्याकडे बोट केलं.

"आनि तू?"

"एक शब्द नाही, काका!"

"मंग आज मेनत तुजीच जास्त झाली," म्हणत त्यांनी पहिली बॅग माझी काढून दिली.