डोंगरातल्या घराचा बंब

कराडच्या स्टँडवर गाडीची वाट बघत असताना आईने मला विचारलं, "तिकडं आखातात एवढं ऊन. मग तू करणार काय तिथं?"

"गार करणार," मी म्हटलं. मी मेकॅनिकल इंजिनिअर. मोठ्या इमारतींच्या एअर कंडिशनिंगसाठी थंड पाण्याचे पाइप आखणं हे माझं काम.

"मग बरंय," बाबा म्हणाले. "ऊन काय संपत नाही. काम पण संपायचं नाही."

तेवढ्यात मुंबईची गाडी लागली. श्रीकांत, म्हणजे माझा नवरा, बॅगा चढवायला गेला. मुलगी मुक्ता खिडकी पकडायला धावली. रडारड झाली नाही, आमच्याकडे तशी पद्धत नाही. "लोणच्याची बरणी आडवी करू नकोस," एवढं मात्र आईने गाडी हलेपर्यंत सांगितलं.

बाबांचा अंदाज फार टिकला नाही. ऊन होतं तेवढंच राहिलं, काम संपलं. २००८ची दिवाळी आम्ही तिकडच्या करामा भागातल्या फ्लॅटमध्ये केली. त्यानंतर मंदी आली आणि आमच्या बिल्डिंगमध्ये लिफ्टशेजारी सोफे, पाळणे, टीव्हीची स्टँडं दिसायला लागली. वर चिठ्ठी: प्लीज टेक. माणसं घरी परत चालली होती. श्रीकांतची कंपनी फ्लॅट विकायची. घेणारेच उरले नाहीत, तेव्हा त्याची नोकरी गेली. तो आणि मुक्ता माझ्या व्हिसावर आले. म्हणजे आता माझी नोकरी गेली तर तिघांनीही बॅगा भरायच्या. मी ज्या टॉवरचे पाइप आखत होते तो अर्धवट थांबला होता आणि ऑफिसात निम्म्या खुर्च्या रिकाम्या होत्या.

गावाकडून फोन आला की सगळे विचारायचे, "तुमच्याकडे ठीक ना?" आम्ही म्हणायचो, ठीक. इकडे असलेल्या प्रत्येकाने तेव्हा असंच सांगितलं असणार. मुक्ता मात्र सरळ विचारायची, "आई, आर वी स्टेइंग ऑर नॉट? मला टीचरला सांगायचंय." तिला नाटकात काम मिळालं होतं, आणि नाटक पुढच्या टर्ममध्ये होतं.

अशा वेळी आमचे बॉस कुरियनसाहेब एक कागद घेऊन माझ्या टेबलापाशी आले. रास अल खैमाच्या डोंगरात एक घर आहे. तिथे हिवाळ्यात कडाक्याची थंडी पडते. घरमालक सईद परदेशात शिकलेला, त्याने तिकडच्यासारखं सेंट्रल हीटिंग करून घेतलं होतं. गॅसचा बॉयलर पाणी तापवणार, ते पंपाने घरभर फिरणार आणि प्रत्येक खोलीतला रेडिएटर गरम होणार. पण तो कच्चा रस्ता चढून गॅसच्या टाक्या कधी येत, कधी येत नसत. म्हणून त्याने लाकडावर चालणारा बंद स्टोव्ह मागवला, पाठीला पाण्याची टाकी असलेला. तो जुन्या हीटिंगला जोडायचा होता. पहिला कंत्राटदार पॅकिंगसुद्धा न उघडता देश सोडून गेला होता.

"मॅडम, कूलिंग का उल्टा ही तो है," कुरियनसाहेब म्हणाले. "हो गया तो उसके भाइयों के घर भी अपने को मिलेंगे, आपका व्हिसा रिन्यू. नहीं हुआ तो..." आणि त्यांनी हात झटकून 'खलास' केलं.

उलटं वगैरे काही नव्हतं. पण ड्रॉइंग उलगडलं आणि मला कित्येक महिन्यांनी कामाची भूक लागली. अडचण छान होती! गॅस बंद करता येतो. बटण दाबलं, विझला. लाकडाचं तसं नसतं. एकदा पेटलं की ते आपलं आपण विझेपर्यंत जळणार. त्या डोंगरात वीज सारखी जायची. वीज गेली की पंप बंद, पाणी जागच्या जागी, खाली आग चालूच. पाणी उकळणार. बंद पाइपात वाफ कोंडली तर स्टोव्हचा बॉम्ब होईल.

आमच्या कराडच्या न्हाणीघरात तांब्याचा बंब होता. मधे जाळ, भोवती पाणी. वरच्या नरसाळ्यात गार पाणी ओतायचं, की तोटीतून कढत पाणी येतं. ते नरसाळं कायम उघडं. जळण ठेवायच्या आधी आई हटकून विचारायची, "पाणी भरलंस? आधी पाणी, मग जाळ." मी श्रीकांतला म्हटलं, "अरे, हा सुटाबुटातला बंब आहे!" तो नोकरीचे अर्ज लिहीत होता. मान वर न करता म्हणाला, "मग इंजिनिअरिंगला उगाच घातलं तुला."

उपाय मी तसाच आखला. स्टोव्हचं पाणी वेगळं ठेवलं. त्याच्या पाइपाचं वरचं टोक गच्चीवरच्या छोट्या टाकीवर उघडं, म्हणजे वाफेला वाट. गॅस बॉयलरचं पाणी बंद पाइपात दाबाखाली फिरतं, ते तसंच राहू दिलं. दोघांच्या मधे पातळ पत्र्यांची एक पेटी बसवली. एका बाजूने हे पाणी, दुसऱ्या बाजूने ते. मिसळत नाहीत, फक्त ऊब इकडून तिकडे जाते. आणि वरच्या मजल्याच्या बोळात एक रेडिएटर असा, की त्याला पंप लागूच नये. जाड पाइप, सतत चढता. गरम पाणी हलकं होऊन आपलं आपण वर जाईल, निवलं की खाली येईल. वीज गेली तरी एवढी वाट चालू.

पाइपाच्या कामाला जाधव होते. मूळचे पाटणचे, बायको-मुलं गावी. गाडीत कराड-पाटण निघालं आणि मी 'मॅडम'ची 'ताई' झाले. काम झाल्यावर मी गच्चीवर गेले तर टाकीकडे येणाऱ्या पाइपावर एक नवा कोरा व्हॉल्व्ह चमकत होता. आखणीत तो नव्हता.

"जाधव, हा कुणी लावला?"

"मीच की. व्हॉल्व्ह नसलेला पाइप बघवत नाही ताई. उद्या मेंटेनन्सवाला माझ्या नावानं बोंबलंल."

त्यांचंही खरं होतं. थंड पाण्याच्या कामात आम्ही दर चार पावलांवर व्हॉल्व्ह लावतो, हात आपोआप तिकडे जातो.

"आणि कुणी चुकून बंद केला तर? तुमच्याकडे बंब होता ना?"

जाधवांनी एकदा व्हॉल्व्हकडे पाहिलं, एकदा धुराड्याकडे. "आयला! नरसाळ्याला बूच मारलं की मी." आणि पाना काढून स्वतःच खोलायला बसले. "कुरियनसायबाला सांगू नका हां. मला पण ऱ्हायचंय हितं."

चाचणीच्या दिवशी कुरियनसाहेब हजर होते. सईद, त्याची आई उम्म सईद आणि घरातल्या बायका असे सगळे जमले. टाकी भरल्याची खात्री केली, स्टोव्ह पेटवला. समरचं, म्हणजे तिथल्या बाभळीचं लाकूड, काटेरी आणि दणकट, बघता बघता लालबुंद झालं. रेडिएटर एकेक करून तापले. टाळ्या झाल्या, कहवा आला. साहेब माझ्या कानाशी म्हणाले, "बस. कहवा पियो, साइन कराओ, यल्ला, चलो."

"अजून वीज बंद करायची आहे."

"पागल हो? चल रहा है ना!"

"वीज असताना चालतंय, साहेब."

मी सईदला सांगितलं. त्याने आईला सांगितलं. म्हातारीने मला आपादमस्तक न्याहाळलं आणि स्वतः उठून मेन स्विच खाली ओढला.

पंपाचा आवाज थांबला. स्टोव्ह मात्र धडधडत होता. मी बोळात जाऊन रेडिएटरवर हात ठेवला. गार. सगळे माझ्या मागे येऊन उभे राहिले. कुणीतरी अरबीत काही पुटपुटलं. कुरियनसाहेब माझ्याकडे बघतच नव्हते. मला मुक्ताची टीचर आठवली, उगाचच. अजून गार. मग जाड पाइप एकदा कुरकुरला आणि वरच्या कोपऱ्यात, बोटांच्या टोकांना, कोमट लागलं. बघता बघता हात ठेववेना. गच्चीवरून जाधव ओरडले, "ताई, टाकी गप आहे! वाफ नाही, काय नाही!"

उम्म सईदने दोन्ही तळवे रेडिएटरला लावले, काढले आणि माझ्या गालांना लावले. "मुहंदिसा," ती म्हणाली. इंजिनिअर बाई. कुरियनसाहेबांनी तिथल्या तिथे भावांच्या घरांचा विषय काढला.

मुक्ताने नाटकात काम केलं. श्रीकांतला पुढे लांब पश्चिमेला, रुवैसमध्ये नोकरी लागली. आता आम्ही मोहम्मद बिन झायद सिटी या उपनगरात राहतो आणि तो शनिवार-रविवारी घरी येतो. जाधव गावी परतले, पाटणला त्यांचं पाइपांचं दुकान आहे.

थंडी सुरू झाली की सईदचा फोन येतो, "मॅडम, उम्मी आग जलाने नहीं देती. बोलती है पहले मुहंदिसा देखेगी." मी जाते. गच्चीवर चढते, टाकी बघते, उघडं टोक बघते. खाली आले की म्हातारी माझ्या हातात काड्यापेटी कोंबते आणि अरबीत रागावते, बहुधा उशीर झाला म्हणून. आल्याबरोबर बस म्हणत नाही. आधी काम.

कराडला बंब केव्हाच मोडीत गेला, गीझर आला. मी पोचले की आई म्हणते, "तू बस गं, चार दिवसांची आलीयेस." ताट हातात, पाणी हातात. पाहुण्यांचा कप मला. पहिल्या दिवशी मी ऐकते. दुसऱ्या दिवशी बॅगेतून पाना काढते आणि न्हाणीघरात शिरते. कुठला ना कुठला नळ गळत असतोच. मग आई दारात उभी राहून म्हणते, "नीट आवळ. गेल्या वेळी ढिला ठेवलास." तेव्हा मी घरी आलेली असते.