थंड हाताचा पहिला बाण

मैत्रीला रक्ताची किळस कधीच नव्हती. अमरावतीला रविवारचं मटण आणायला घरातून तीच जायची. तिला किळस होती हौसेखातर जीव घेणाऱ्या माणसांची, आणि अशा माणसांत एक दिवस आपले सख्खे भाऊजी निघतील असं तिला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

स्टुटगार्टमध्ये ती ब्रेकच्या चाचण्या घेण्याची नोकरी करते. सुट्टीच्या दिवशी गावाबाहेरच्या डोंगरावर, तिरंदाजीच्या फेराइनमध्ये, म्हणजे क्लबात, शिकवते. झाडाझाडांत रबराची जनावरं उभी केलेली असतात: रानडुक्कर, अस्वल, मोठं हरीण. अमरावतीच्या मैदानात बांबूच्या धनुष्यावर हात बसवलेली ही बाई आता लाकडी बाण स्वतः बनवते आणि लांबलांबचे जर्मन ते घ्यायला तिच्याकडे येतात. विनयबिनय तिला जमत नाही. चांगला बाण झाला की ती म्हणते, "चांगला झालाय."

तिची मोठी बहीण अरुणा कोलोनला असते. अरुणाचे यजमान, यशपाल भाऊजी, तिथे एका कंपनीत मॅनेजर. मैत्री जर्मनीत उतरली तेव्हा खोली मिळेपर्यंत ती त्यांच्याच घरी राहिली. आनमेल्डुंगच्या, म्हणजे पत्ता नोंदवायच्या रांगेत भाऊजी स्वतः तिच्यासोबत उभे राहिले होते. म्हणून मार्चमध्ये ते अरुणासोबत धनुष्य घेऊन डोंगरावर आले तेव्हा तिने तोंड आवरलं.

"बघ साळीबाई, पासष्ट पाउंडांची ओढ! शेफचं साठचं आहे."

शेफ, म्हणजे भाऊजींचा साहेब, आणि कंपनीचे दोन बडे ग्राहक सप्टेंबरात कोलोराडोला एल्कच्या शिकारीला निघाले होते. एल्क म्हणजे जवळजवळ घोड्याएवढं हरीण. जर्मनीत धनुष्याने शिकार करायला बंदी, म्हणून समुद्रापलीकडे. तेही चाकं-दुर्बिणीवालं आधुनिक धनुष्य नको, जुन्या पद्धतीचं साधं लाकडीच हवं. शेफला 'अस्सल' आवडतं. आणि शेफला जे आवडतं ते भाऊजींना त्याच्याआधी आवडतं.

"ओढून दाखवा," मैत्री म्हणाली.

भाऊजींचे खांदे कानाला टेकले. मान वाकडी झाली, हात लटपटले, आणि दोरी गालापर्यंत यायच्या आत सुटली. बाण रबरी हरणाच्या पोटात, मागच्या मांडीच्या जरा पुढे घुसला.

"लागला ना!" भाऊजी हसले.

"हे पोट आहे, भाऊजी. खरं असतं तर आतडी फाटलेलं ते जनावर तासन् तास रानात तडफडलं असतं."

"तू नाही का मटण खात?"

"खाते. पण ज्याची सुरी बोथट, त्याच्याकडून घेत नाही."

"अगं, जेवायच्या वेळी आतडी काय काढतेस," अरुणा डब्याचं झाकण उघडत म्हणाली.

कोलोनच्या चौदा एप्रिलला पंचशील म्हणायला माईकपाशी सगळ्यात पुढे हेच भाऊजी असतात. ते मैत्रीच्या जिभेवर आलं होतं. पण आपणही मांस खाणारे, कुठल्या तोंडाने बोलणार? तिने गिळलं.

तिने त्यांना अठ्ठेचाळीस पाउंडांचं धनुष्य दिलं.

"हे बायकी आहे."

"असू द्या. बाईच शिकवतेय."

पुढचे काही आठवडे ती बाणांच्या मागे लागली. जड काड्या निवडल्या. बाणाचा ताठपणा धनुष्याच्या ओढीशी जुळला नाही तर बाण हवेत शेपटी हलवतो, म्हणून आधी बिनपिसांच्या काड्या मारून पाहिल्या. मग टर्कीची पिसं चिकटवली आणि पुढे दोन धारांचं पातं बसवलं, मनगटावरचे केस उतरतील असं. भाऊजींना फोनवर एकच अट सांगितली.

"रानात हात गरम करायला कोणी देत नाही. थंड हाताचा पहिला बाण, तोच खरा. ऑगस्टमध्ये या, गाडीतून उतरा आणि एक बाण मारा. छातीत बसला तर हे बाण तुमचे."

"आणि नाही बसला तर?"

"कॅमेरा घेऊन जा."

ऑगस्टमध्ये ते अरुणाला घेऊन आले. गाडीतून उतरले, धनुष्याला दोरी चढवली, ओढलं आणि सोडलं. बाण हरणाच्या छातीत, पुढच्या पायामागे, अगदी जिथे हवा तिथे. अरुणाने टाळ्या वाजवल्या. मैत्रीलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोला. तिने आपल्या हाताने बाणांचा भाता त्यांच्या खांद्याला अडकवला. शाबासकीला हात पुढे केला. भाऊजींनी हात दिला आणि तिला त्यांची बोटं दिसली. तिन्ही बोटांवर दोरीच्या लालभडक खाचा.

"आज किती बाण मारलेत?"

"एकच की. तुझ्यासमोर."

"एका बाणाने बोटं अशी होत नाहीत."

भाऊजींनी हात खिशात घातला. अरुणा डब्याकडे बघत हळूच म्हणाली, "खालच्या मैदानावर. सकाळपासून."

"आल्झो, म्हणजे त्यात काय झालं? क्रिकेटवालेसुद्धा आधी नेटमध्ये खेळतात!"

"एल्क तुम्हाला नेट लावून देणार आहे का?"

मैत्रीला शिसारी आली. नेम चुकणाऱ्याचा तिला राग नाही, तिचाही चुकतो. पण नेम चुकतो हे ठाऊक असून साहेबाच्या पंक्तीला पाट मिळावा म्हणून मुक्या जिवाच्या पोटातून वाट काढायची, आणि वर घरच्या माणसालाच फसवायचं?

"बाण परत द्या."

"आम्ही तुला घरात घेतलं होतं, मैत्री."

"विसरले नाही. दुसरं काहीही मागा. हे नाही."

"मग आमच्या दारात पाय ठेवू नकोस."

त्यांनी खांदा हिसडला. भाता हेलकावला, पाती एकमेकांवर खणखणली. तेवढ्यात अरुणा पुढे आली. नवऱ्याकडे न बघता तिने भाता दोन्ही हातांनी घट्ट धरला, बाण काढताना मैत्रीचा हात कापला जाऊ नये म्हणून. मैत्रीने एकेक करून सगळे बाण काढून घेतले.

भाऊजी गेलेच कोलोराडोला. ते परत आल्यावर अरुणाने फोन केला, बाथरूममध्ये नळ सोडून.

"बाण ऑनलाइन मागवले होते. आणि धनुष्य ते पासष्टचंच नेलं."

"लागला?"

"लागला. पोटात. रक्ताचा माग काढत दोन दिवस शोधलं, मिळालं नाही. मग विमानाची वेळ झाली." अरुणाने नळ आणखी सोडला. "शेफ म्हणाला, होतं असं. खांद्यावर हात ठेवला. हे खूश आहेत गं. शेजाऱ्यांनाही सांगून झालं."

मैत्रीने हातातली बाणाची काडी खाली ठेवली.

"तो बाण तुझा नव्हता, एवढं तरी बरं," अरुणा म्हणाली.

"त्या जनावराला काय फरक पडला, ताई?"

नळ वाहत राहिला. मग अरुणाने तो बंद केला आणि मोठ्याने, बाहेर नवऱ्याला ऐकू जाईल असं म्हणाली, "काहीच नाही पडला."