भाजवळीचा पातेरा

यंदा चैत्र अर्धा होतो न होतो तोच विहिरीत कळशी दगडाला लागायला लागली. भेंडीला फूल धरलं होतं, कारल्याचा वेल मांडवावर पोचला होता. मुलगा मुंबईहून फोनवर म्हणाला, "बाबा, बाजारात सगळं मिळतं. सोडा आता तो मळा."

"बाजारात बाप मिळतो काय तेवढं बघ," म्हटलं आणि फोन ठेवला. चौथीतनं शाळा सोडली तेव्हापासून उन्हाळी भाजी करतोय. एक साल चुकलेलं नाही.

दुपारी पाठ जमिनीला टेकत नव्हती. उठायचो, मळ्यात जायचो. पानं कान पाडून बसलेली. भर उन्हात पाणी घातलं तर मुळं शिजतात, म्हणून नुसता उभा राहायचो. माती तव्यासारखी. सकाळचं शिंपण दुपारपर्यंत उडून जायचं.

गोठ्यामागं पातेऱ्याचा ढीग होता. काजूफणसाचा हा वाळका पाला बायकोनं झाडून झाडून जमवलेला. भाताची रोपं करायची जागा पावसाआधी त्यानं भाजायची, ती भाजवळ. तण मरतं, रोप जोमानं येतं. भाजवळीच्या पातेऱ्याला आमच्यात कोणी दुसऱ्या कामासाठी हात लावत नाही. मी टोपली भरली.

बायको पडवीतनं बघत होती. "अवो, मिरगाच्या तोंडावर काय भाजाल? माझी हाडं?"

"तुझी पुरायची नाहीत."

ती आत जाऊन भांडी आपटायला लागली. मी भेंडीच्या बुडाशी, कारल्याच्या आळ्यात वीतभर पाला पसरला. दुसऱ्या दुपारी खाली बोट घातलं. ओल होती. तरी जीव ठरेना. सारखा उचकून बघायचो.

"अंडी घातलीत काय तुमी तिथं?" बायको म्हणाली.

भेंडी तगली. कारलीही लागली. पण भाजवळीची जागा उघडी पडलीय. आता रोज उन्हं चढायच्या आत आम्ही दोघं सड्याकडं, वरच्या कातळमाळावर, पाला गोळा करायला जातो. ती झाडते, मी भारा बांधतो. काल चुलतभाऊ वाटेत भेटला.

"माझ्याकडं पडलाय की पातेरा. ने."

"तू भेंडी ने," म्हटलं. पाला मागायला मी कुणाच्या दारात गेलेलो नाही.

बायको खराटा उचलून पुढं चालायला लागली. ढीग अजून गुडघ्याएवढाच आहे, आणि आभाळ दुपारचं भरून यायला लागलंय.