पट्ट्यावरची जाळी

हे माझ्या बायकोलाही ठाऊक नाही. आई तर मला सज्जन समजतच गेली. तुम्हाला का सांगतो आहे — मलाही नीट उमगत नाही.

सत्तरीचं दशक सरत आलं होतं. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. सकाळी तुमसरला कॉमर्सचे तास, दुपारपासून सिहोऱ्याजवळच्या एका राइस मिलमध्ये देखरेखीचं काम. वर्गात शिकवत, नीतीनं चालणाऱ्या धंद्याचीच भरभराट होते. मी ते मन लावून उतरवून घेई. खरंही मानत असे — निदान तसं वाटायचं.

धान भरडणाऱ्या हलरला इंजिनवरून रुंद पट्टा जाई. तो घसरू लागला की त्यावर राळेची पूड टाकावी लागे. पण कुणाचा हात जाऊ नये म्हणून पट्ट्यावर लोखंडी जाळी होती. म्हणजे आधी इंजिन बंद, जाळी काढा, राळ टाका, जाळी बसवा, पुन्हा इंजिन. बाहेर धानाच्या बैलगाड्यांची रांग. मिलचा मालक, सेठ, चिडायचा. मी सुचवलं, जाळी काढूनच ठेवू, चालत्या पट्ट्यावर राळ टाकता येईल. इंजिन सांभाळणारा दौलत मिस्त्री नको म्हणाला. सेठनं माझं ऐकलं — मी शिकलेला होतो ना? दुपारच्या सुट्टीत, हमाल जेवायला गेले असताना, जाळी मी माझ्या हातांनी सोडली.

मिल जोरात चालू लागली. सेठनं माझी पाठ थोपटली. वर्गातला धडा मला आठवलाही नाही.

मग एका दुपारी शंकर नावाचा हमाल राळ टाकत होता. त्याच्या सदऱ्याची बाही पट्ट्यात गेली. पट्ट्यानं त्याला उचललं आणि पुलीवर आपटलं. हात खांद्यापासून उपटला. भिंतीपाशी कोंड्याचा ढीग होता, तो लाल झाला. इंजिन थांबलं तेव्हा शंकर संपला होता.

सगळे अंगणात जमले. शंकरच्या भावाच्या हातात पोती ओढायचा आकडा होता.

"जाळी कोनं काढली?" त्यानं विचारलं.

सेठनं माझ्याकडे नुसतं पाहिलं. त्याला बोलायची गरज होती का?

"मिस्त्रीनं," मी म्हणालो.

ते दौलत मिस्त्रीवर तुटून पडले. बुक्क्यांनी, काठ्यांनी. आकडा कानामागं लागला आणि मान रक्तानं भिजली. खाली पडल्यापडल्या त्यानं मला शोधलं.

"बाबू, तू सांग ना गा. तुले त मालूम हाय."

इथवर फक्त खोटं होतं. तेवढंच असतं, तर कधीतरी कुणापाशी बोललोही असतो. पण मी — मी गर्दीत शिरलो आणि त्याच्या तोंडावर लाथ घातली. त्यानं पुढं बोलू नये म्हणून. जबड्यातून कडकन आवाज आला. तो तरीही माझ्याकडेच बघत होता, म्हणून आणखी एक घातली. मागून कुणीतरी म्हणालं, "आपला बाबूबी पेटला बे." ते ऐकून मला बरं वाटलं. हेही लपवू कशाला?

चौकशीला आलेल्या साहेबांनाही मी तेच नाव सांगितलं. मिस्त्रीला काढून टाकलं. सेठनं पुढं दुसरी मिल टाकली, पदवी मिळताच मला तिथं मॅनेजर केलं. परीक्षेत नीती आणि धंद्यावर प्रश्न आला होता. मी चांगलं उत्तर लिहिलं.

काही वर्षांनी दौलत मिस्त्री त्या नव्या मिलच्या फाटकाशी आला. एका कानानं बहिरा, जबडा वाकडा. मला साहेब म्हणाला, आणि काही काम आहे का, एवढंच विचारलं.

मी नाही म्हणालो. मिस्त्रीची जागा तेव्हा रिकामीच होती.